पेंगोबा बाद

“दोन इकडे, दोन तिकडे. आता सगळं तुझ्या मतावर आलं,” वकील म्हणाला.

गेमच्या दुकानामागच्या खोलीत समितीचे पाच जण बसले होते. प्राण्यांच्या लढतींचा तो खेळ हजारो लोक ऑनलाइन खेळत, आणि त्यात कुठला प्राणी चालेल, कुठला नाही, हे या पाच जणांनी ठरवायचं. आज प्रश्न पेंगोबाचा होता. गेममध्ये त्याचं नाव भलतंच अवघड होतं, पण अर्धवट मिटलेल्या डोळ्यांच्या त्या गलेलठ्ठ प्राण्याला सगळे पेंगोबाच म्हणत. तो जांभई देई, की समोरचा झोपलाच. समोरचा जागा होतोय न होतोय तोवर पुन्हा जांभई. हल्ली जो तो पेंगोबालाच घेऊन उतरत होता.

“ज्याच्यापुढे समोरच्याला काही करायलाच उरत नाही, तो प्राणी बाद,” गणिताच्या बाई म्हणाल्या. “नियम तुझ्या दादाचाच आहे. आज तो इथे असता तर एवढा घोळ घातला नसता.”

“पेंगोबा घेतला की डोकं लागतच नाही,” वकील म्हणाला. “एक बटण दाबत बसायचं, झालं.”

मेंदूत रक्तस्राव होऊन दादा घरी बसला, तेव्हापासून त्याच्या जागेवर ती येत होती. दादा अजून खेळतो, हे तिने इथे कुणाला सांगितलं नव्हतं. कुणाला घेऊन खेळतो, हे तर नाहीच.

तिने बादच्या बाजूने हात वर केला.

ती घरी पोचली तेव्हा बातमी तिच्याआधीच पोचली होती. वहिनी स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. तिने वर पाहिलं नाही.

“मघापासून एकच चित्र दाबतोय. ते उघडत नाही.”

“अगं वहिनी…”

“जिंकला की तो चार घास नीट जेवतो. मला नावाने हाक मारतो. तुला माहीत नव्हतं?”

“माहीत होतं.”

“मग? तू नाही म्हटलं असतंस तर आभाळ कोसळणार होतं का?”

“तसं केलं असतं तर दादाला पटलं नसतं.”

वहिनीने फडकं खाली ठेवलं. “कुठल्या दादाला?”

वहिनीला तिथेच सोडून ती बाहेरच्या खोलीत गेली.

दादा सोफ्याच्या कडेला, टीव्हीच्या अगदी जवळ बसला होता. पडद्यावर सगळे प्राणी रंगीत होते, एक पेंगोबा तेवढा राखाडी. त्याच्या पोटावर कुलूप होतं.

“हा बिघडलाय,” दादा म्हणाला.

“बिघडला नाहीये, दादा. त्याला काढलाय.”

“कोणी?”

“आम्ही. समितीने. शेवटचं मत माझं होतं.”

तो चिडेल असं तिला वाटलं होतं. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने नुसतं विचारलं, “का गं?”

“त्याच्यापुढे समोरच्याला काही करायलाच उरत नाही.”

“मग चांगलंच की,” दादा हसला. “आपणच जिंकतो.” मग हसू मावळलं. “असला नियम केला कोणी?”

“होता एक जण. फार चांगला खेळायचा.”

“मूर्खच असणार,” दादा म्हणाला.

ती त्याच्या शेजारी टेकली. “आपण दोघं खेळू या? घरातल्या घरात पेंगोबा चालतो.”

“नको. तू मुद्दाम हरतेस.”

त्याने कुलपावर आणखी एकदा बटण दाबून पाहिलं. मग बराच वेळ एकेका प्राण्यावरून पुढे सरकत गेला, आणि खडबडीत पाठीच्या एका कासवापाशी थांबला. का थांबला, कोण जाणे. लढत सुरू झाली. समोर कुणी अनोळखी खेळाडू होता, त्याने झटकन आपली चाल केली. कासवाच्या खाली चार चाली उमटल्या आणि कोपऱ्यातलं घड्याळ उलटं मोजू लागलं.

दादाचा अंगठा पहिल्या चालीवर गेला. तिसरीवर आला. पुन्हा पहिलीवर.

चारही चालींचा पुढचा हिशेब तिला दिसत होता. हा हिशेब तिला शिकवला होता तो दादानेच, याच सोफ्यावर, ती शाळेत असताना.

“सांगू का?” तिने हळूच विचारलं.

“थांब. विचार करतोय.”

त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. ओठ हलत होते. वहिनी ओले हात तसेच घेऊन दारात येऊन उभी राहिली.

घड्याळ शून्यावर आलं. खेळाडू थांबून राहिला की गेम आपणहून कुठली तरी चाल खेळून टाकतो, तशी गेमने टाकली. कासव गरकन फिरलं आणि समोरच्याला जाऊन धडकलं. पडदा हादरला. समोरचा प्राणी कोलमडून गुडघ्यावर आला.

दादा डोळे मोठे करून बघत राहिला.

“ही मी केली?”

तिने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने मान दुसरीकडे वळवली.

“हो, दादा.”

“चांगली होती ना?”

“एकदम.”

समोरचा सावरला, त्याने पुन्हा वार केला. कासवाखाली चार चाली परत उमटल्या, घड्याळ उलटं मोजू लागलं. दादाने कंट्रोलर मांडीवर ठेवला, दोन्ही हातांची घडी घातली आणि मागे टेकून तो आपल्या पुढच्या चालीची वाट बघू लागला.