शनीच्या कड्यापाशी

दुपारचा चहा झाला तरी निनाद एकही रिजेक्ट पीस घेऊन आला नाही. कुमुदने सोल्डरिंगचं आयर्न ओल्या स्पंजवर पुसलं, स्टँडमध्ये ठेवलं आणि टेस्टिंगच्या टेबलाकडे न बघता समोरचा स्क्रू घट्ट केला. तो आधीच घट्ट होता.

“ताई, आज तुमची साडेसाती नाय आली?” पॅकिंगच्या टेबलावरून वेणू ओरडली.

“संपली असेल.”

“संपली तर तोंड का उतरलंय?”

बाकीच्या बायका हसल्या.

पनवेलच्या त्या छोट्या कारखान्यात वर्षभर एकच खेळ तयार होत होता: ‘शनीची मोहीम’. पुठ्ठ्याच्या पटावर ग्रह छापलेले. मधोमध दिवे आणि बझर असलेली काळी पेटी. दोन खेळाडू, दोन यानं, पटाच्या दोन टोकांना दोन बटणं. उल्कांचा मारा कधी होणार, इंधन कुणाचं गळणार, हे पेटी ठरवायची. दोघंही शनीच्या कड्यापाशी पोचले की दोघांनी एकदम बटण दाबायचं. बझर वाजला की मोहीम फत्ते.

पेट्या तपासायचं काम निनादचं, बिघडलेली दुरुस्त करायचं कुमुदचं. ती फिजिक्स शिकलेली. झाकण उघडलं की बिघाड कुठे आहे ते तिला दिसायचं. एकच बिघाड तिला कधी सापडला नाही. “मॅडम, शनीपाशी बझर वाजत नाही,” म्हणत निनाद रोज एक पेटी आणायचा. कारखान्यात सगळे तिला ताई म्हणत. तो एकटाच मॅडम म्हणे. बिघाड अगदी शेवटी, म्हणून डाव पहिल्यापासून खेळावा लागे. ती लाल, तो निळा. आणि शेवटी बझर छान वाजे.

“मघाशी नव्हता वाजत,” तो ओशाळून म्हणे.

“तापल्यावर सांधा सुटत असेल. नाहीतर ही खाडीची दमट हवा.” ती सगळे सांधे पुन्हा करी. दुसऱ्या दिवशी दुसरी पेटी हजर.

खरं तर दोन्ही बटणांना वायरी जोडून तिला हे एकटीलाही तपासता आलं असतं. पहिल्याच दिवशी तिच्या ते लक्षात आलं होतं. ती बोलली नव्हती. घरी भात शिजेपर्यंत ती त्याच्या चाली आठवत बसे. आपलं यान मागे पडलं की तो पुढे जायचा थांबतो, स्वतःच्या वाटचं इंधन देतो. एवढ्यावरून माणूस कळतो का? पुरावा अपुरा आहे, असं चौतिसाव्या वर्षी ती स्वतःला बजावत होती.

केबल टीव्ही आला आणि पटावरचे खेळ खपेनासे झाले. आजचा लॉट शेवटचा. उद्या ट्रक पळस्पे फाट्यावरून पुण्याला जाणार आणि लाइन बंद. निनादला हैदराबादला नोकरी लागली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं. काल त्याने ते सांगितलं आणि वाट बघत उभा राहिला. ती “अभिनंदन” म्हणाली. आणि तिने पुढच्या पेटीचं झाकण उघडलं.

निनादने शेवटची पेटी तपासली, पास केली, वेणूपुढे सरकवली आणि तो हात धुवायला बाहेर गेला.

कुमुद उठली. तिने ती पेटी उचलून आपल्या टेबलावर आणली, झाकणाचे स्क्रू काढले. बझरची तांबडी वायर कटरच्या पात्यात धरली. या हातांनी आजवर तुटलेलं जोडलंच होतं. तिने वायर कापली आणि झाकण नुसतंच वर ठेवलं. वेणूने हे सगळं बघितलं, आणि दोऱ्याचं रीळ शोधायला ती टेबलाखाली वाकली ती वर आलीच नाही.

निनाद रुमालाला हात पुसत परत आला, तेव्हा त्याच्या टेबलावर पट मांडलेला होता. पलीकडे कुमुद बसली होती.

“शनीपाशी बझर वाजत नाही,” ती म्हणाली.

“असं कसं? आत्ताच तर मी...” त्याने झाकण उचललं. कापलेल्या वायरीच्या टोकाचं तांबं नवंकोरं चमकत होतं. तो ते बघत राहिला. कुमुदचे कान तापले. उठून जावं असं तिला वाटलं, पण तिने लाल यान पटावर सुरुवातीला ठेवलं.

निनादने स्टूल ओढलं, समोर बसला आणि निळं यान हातात घेतलं.

“वायर कशाला कापलीत?” तो हळूच म्हणाला. “‘वाजत नाही’ एवढं नुसतं म्हटलं तरी पुरतं. मी वर्षभर तेवढंच म्हणत आलो.”