मधूनच पडणारी टाळी

“काका, चारशे दोनचं काहीतरी करा. मला आता सहन होत नाही,” निमेश म्हणाला.

सोसायटीचे सेक्रेटरी नंदकिशोरकाका गच्चीवरच्या टाकीत डोकावत होते. ते तसेच डोकावत राहिले. “वसुधाकाकू? अरे, दोन वर्षांत त्यांच्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.”

“भिंत कुणाची लागून आहे त्यांना? माझी.”

“त्यांच्या त्या गाण्यांबद्दलच ना?”

“गाण्यांबद्दलच. आठवडा झाला, वाट लागलीये माझी.”

“बोलतो,” काका टाकीला म्हणाले.

निमेशची खरोखरच वाट लागली होती. मुलुंडच्या त्या वन रूम किचनमध्ये तो एकटा राहायचा. दिवसभर लोकांचे विम्याचे क्लेम नाकारायचा. पण माणूस म्हणून त्याला जी काही किंमत होती, ती ‘सध्या काय ऐकतोय’ या ग्रुपवर. शनिवारी प्रत्येकाने आपला सध्याचा अल्बम सांगायचा. बाकीचे सगळ्यांना माहीत असलेलं काहीतरी लिहायचे. निमेश मात्र कधी आइसलँडच्या कोळ्यांचा कोरस काढायचा, कधी वाळवंटातल्या कुठल्या उंटवाल्यांचं गिटार.

“कुठून शोधतोस रे हे?” लोक विचारायचे.

“शोधत नाही. येतं आपोआप,” तो लिहायचा. बेडवर, भिंतीला पाठ टेकून.

खाली त्याचं परीक्षण असायचं. “शब्द मुद्दाम पुसट ठेवलेत. सगळं कसं लांबून, जाड धुक्यातून आल्यासारखं. मधूनच ती बारीक घंटा. आणि तालाला धाब्यावर बसवून पडणारी ती एक टाळी! त्या टाळीवर जीव टाकावा.”

ऋताने एकदा विचारलं होतं, “मी दोनदा ऐकला. शब्द तर स्वच्छ ऐकू येतात. घंटा कुठेय? टाळी कुठेय?”

“हेडफोनवर ऐकलास ना? तिथेच चुकतंय.”

ऋताने नवीन स्पीकर आणले. टाळी सापडली नाही, पण निमेशबद्दलचा आदर वाढला.

आणि या रविवारी ग्रुप पहिल्यांदाच प्रत्यक्ष भेटणार होता. घाटकोपरला, ऋताच्या घरी. “पहिला अल्बम निमेशचा,” असं तिने लिहिलं होतं. पुढे बदाम होता. पिवळा होता, पण बदाम होता.

लगेच अनिरुद्धने खाली टाकलं, “यावेळी टाळी आम्हालाही ऐकव, यार.” अनिरुद्ध ग्रुपवर दोन नंबरला होता आणि त्याला ते सोसत नव्हतं.

नेमक्या याच आठवड्यात चारशे दोनने घात केला. सकाळी निमेश बेडवर बसला की डोकं नुसतं तापायचं. एक अल्बम सुचेल तर शपथ. फोनने काहीबाही सुचवलं, पण ते सगळं इतकं स्वच्छ, इतकं जवळून वाजत होतं की त्याला शिसारी आली.

जिन्यात काकू भेटल्या, तेव्हाही तो धुमसतच होता. एरवी “बरं आहे ना काकू?” विचारलं की त्या “नाही रे, आज भेंडी” म्हणायच्या. या वेळी “बरं आहे रे बाळा” म्हणाल्या. त्याचं लक्षच नव्हतं.

शनिवारी नंदकिशोरकाकांनी गेटवर गाठलं. “झालं तुझं काम! म्हणाल्या, आवाज आधीच कमी केला होता, आता ती गाण्यांची पेटी बंदच ठेवते.”

“बंद?”

“आभार मानू नकोस. पेढे चालतील.”

निमेशला काकांना टाकीत ढकलावंसं वाटलं. घरी येऊन त्याने फोनवर उंटवाले लावले आणि फोन उशीखाली कोंबला. जरा बरं वाटलं. पण घंटा नाही, टाळी नाही. आत्मा गेला होता.

रविवारी सकाळी ऋताचा मेसेज आला. “काय आणतोयस? मी कालपासून कुणाला काही लावू दिलेलं नाही.”

निमेशने चपला घातल्या आणि चारशे दोनची बेल दाबली.

काकूंनी दार उघडलं. हातात पूजेची घंटा, आत उदबत्तीचा धूर. “ये रे, ये. मीच येणार होते तुझी माफी मागायला.”

“माफी मला मागू द्या,” निमेश म्हणाला. “काकू, आवाज कमी करू नका. वाढवा. दोन वर्षं रोज सकाळी भिंतीला फोन लावून, गाणं ओळखणाऱ्या ॲपने मी तुमच्याच गाण्यांची नावं काढतोय आणि लोकांत मिरवतोय. तुमच्यासारखा कान अख्ख्या मुंबईत नाही. आज फक्त एक अल्बम लावा. कुठलाही.”

हे त्याने आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

काकूंनी केस मागे सारले. कानामागे बोराएवढं एक यंत्र बसवलेलं होतं.

“हे लावून आठवडा झाला बघ,” त्या म्हणाल्या. “त्याआधी मला कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू येत नव्हती. देवव्रत परदेशी जाताना ती पेटी ठेवून गेला. म्हणाला, आई, पूजेला बसलीस की बटण दाब. मी दाबायचे. वर हात ठेवला की थरथर कळायची, बरं वाटायचं. हे लावलं त्याच दिवशी पहिल्यांदा कानांनी ऐकलं. अगं बाई! काय ते भसाडे पुरुष! तसाच फोन करून झापला त्याला. तर म्हणतो कसा, आई, डावीकडचं बटण माझ्या गाण्यांचं, तुझं उजवीकडचं.”

त्यांनी हातातली घंटा खाली ठेवली.

“आणि मी आपली दोन वर्षं, काकडआरती लागलीये समजून, देवापुढे टाळ्या पिटतेय.”