बदकांच्या माना

कावळा-चिमणीपलीकडे तिसरा पक्षी न ओळखणारी वहिनी नणंदेच्या हट्टापायी पहिल्यांदाच दुर्बीण घेऊन तळ्यावर आली होती. थंडीतली शांत दुपार होती. वारा असा नव्हताच.

तळ्यात पन्नासेक बदकं तरंगत होती, सगळी काठाकडे तोंड करून.

"आपल्याला बघतायत वाटतं!" वहिनी हसली.

"आपल्याला नाही गं, जरा डावीकडे," नणंद म्हणाली. "झाडीत कुत्रं-बित्रं असेल."

वहिनीने दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावली. सगळ्या माना एकदमच किंचित उजवीकडे वळल्या. मग आणखी थोड्या. झाडीतून कुणीतरी सावकाश चालत यावं, तशा. मागे वाळक्या पानांचा खच पडला होता, पण एकही पान वाजलं नाही.

माना वळत वळत थेट त्या दोघींवर येऊन थांबल्या.

"वहिनी," नणंद पुटपुटली, "मागे वळू नकोस."

"का गं? काय आहे?"

"मी बघितलं नाही. मला बघायचंही नाही."

वहिनीने दुर्बीण डोळ्यांवरून खाली घेतली नाही. भिंगातल्या सगळ्या माना आता हळूहळू वर उचलल्या जात होत्या. दोघींच्या पाठीशी काहीतरी उभं राहत होतं, आणि ते अजून पूर्ण उभं राहिलं नव्हतं.