आत्याचा पाळणा

बारशाला कुंदाने भाचीच्या पाळण्याची दोरी ओढली, गायला लागली, आणि कायद्याने सगळ्यांच्याच गळ्यात आलेल्या, गाण्यांवर पहारा ठेवणाऱ्या पट्टीने तिचा सूरच गिळला. पट्टी बोलली, "चाल नोंदलेली आहे. मालकाची परवानगी नाही."

"अगं मेले, मीच रचलीय ती!"

"आत्याबाई, चोरी पकडली!" बायका फिदीफिदी हसल्या.

बाळाच्या बापाला, श्रीरंगला, घाम फुटला. स्वतःचं पहिलं गाणं बाजारात आणताना बहिणीची ही चाल त्याने खुशाल आपल्या नावावर नोंदवली होती. घरातलंच तर आहे, विचारायचं काय!

त्याने गुपचूप फोनवरून परवानगी दिली. कुंदाची पट्टी खणखणीत बोलली, "मालक श्रीरंग यांच्या परवानगीने."

हसू थांबलं. कुंदाने दोरी त्याच्या हातात दिली.

"गा, मालक."

श्रीरंगने तोंड उघडलं. त्याला कुठलीच पट्टी अडवत नव्हती, तरी आवाज फुटेना.