तीन अँपिअरचा फरक

“तीन अँपिअर कमी,” मीटरवाली म्हणाली.

ती थोरल्यांच्या राहत्या बोटीशेजारी धक्क्यावर गुडघे टेकून बसली होती. बोटीला किनाऱ्यावरून वीज देणाऱ्या जाड केबलभोवती तिने मीटरचा चिमटा अडकवला होता.

“कमी म्हणजे?” थोरल्यांनी विचारलं.

“जेवढा करंट बोटीत जातो, तेवढा परत यायला हवा, काका. तीन अँपिअर पाण्यात उतरतोय.”

“मग जातो कुठे?”

मीटरवाली उठली, पाच पावलं चालली आणि शेजारच्या बोटीच्या केबलला चिमटा लावला. “इथून वर येतोय. तीन जास्त.”

शेजारची बोट धाकट्यांची. थोरले आणि धाकटे सख्खे भाऊ. नऊ वर्षांपूर्वी वादळात कुणाच्या तरी दोराची गाठ सुटली आणि दोन्ही बोटी एकमेकींवर आपटल्या. गाठ कुणाची, हे अजून ठरायचं होतं. तोवर बोलणं बंद. निरोप धक्क्याच्या मॅनेजरमार्फत जात. गेल्या आठवड्यात धाकटे तीनशे पावलं चालून ऑफिसात गेले होते. हाताच्या अंतरावर बसलेल्या भावाला रेडिओ बारीक करायला सांगायचा होता.

“उद्या सकाळी पोरांची पोहण्याची शर्यत आहे,” बाजूला उभा असलेला मॅनेजर म्हणाला. “पाचपर्यंत दोष सापडला नाही, तर रद्द. करंटच्या पाण्यात मी कुणाला उतरवणार नाही.”

शर्यतीत थोरल्यांचा नातू होता, धाकट्यांची नात होती. दोघेही महिनाभर बोटीच्या गच्चीवर कोरडे हात मारत होते. आजोबांनी आपापलं घड्याळ पाहिलं. चार वाजले होते.

“एकाने एक वस्तू बंद करायची, दुसऱ्याने त्याच क्षणी एक चालू करायची,” मीटरवालीने सांगितलं. “मी आकडा सांगते. पण हाक एकमेकांनाच द्यायची. मध्ये माणूस आला की वेळ चुकते.”

थोरले मॅनेजरकडे वळले. “त्याला सांगा, फ्रिज बंद केला.”

“चुकलं,” मीटरवाली म्हणाली. “पुन्हा.”

थोरल्यांनी घसा खाकरला. “फ्रिज बंद,” ते समोरच्या खांबाला म्हणाले.

“पंखा चालू,” धाकट्यांनी आभाळाला कळवलं.

“अडीच. पुढचं.”

हळूहळू खांब आणि आभाळ संभाषणातून बाहेर पडले.

“चार्जर बंद. अरे, चालू कर ना, झोपलास का?” थोरले ओरडले.

“बटण तर सापडू दे.”

“कपाटाच्या मागे आहे. मीच बसवलं होतं.”

“म्हणूनच सापडत नाहीये.”

“दोन,” मीटरवाली म्हणाली.

धक्क्यावर लोक गोळा झाले. पावणेपाचला आकडा एकवर येऊन अडला, तो हलेचना.

“बोटी बदला,” मीटरवाली म्हणाली. “आपल्या बोटीतला दोष आपल्याला दिसत नाही.”

थोरल्यांनी नऊ वर्षांनी त्या बोटीवर पाय ठेवला.

“दादा, डोकं सांभाळ,” धाकटे म्हणाले.

धाडकन आवाज आला.

“दार अजून ठेंगणंच ठेवलंयस,” आतून थोरले म्हणाले. मग, “ही आईची किटली रे. तुझ्याकडे आहे होय? वायर बघ हिची, उंदराने खाल्ल्यासारखी झालीय.”

“काढ ती.”

थोरल्यांनी प्लग उपसला.

मीटरवालीने मीटर डोळ्यांजवळ धरलं. चार वाजून अठ्ठावन्न मिनिटं झाली होती.

“शून्य.”

धक्का टाळ्यांनी दणाणला. कुणीतरी बोटीचा भोंगा वाजवला, मग सगळ्यांनीच वाजवले. मॅनेजरने फळ्यावर ‘शर्यत होणार’ असं एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं, की ‘होणार’मधला ‘र’ भिंतीवर गेला. गाठ कुणाची होती यावर दोघे भाऊ धाकट्यांच्या बोटीत भांडत होते. समोरासमोर.

मीटरवाली सामान आवरून ऑफिसात आली. बाकावर थोरल्यांची बायको आणि धाकट्यांची बायको खेटून बसल्या होत्या.

“कालची खरी तपासणी नीट झाली होती ना गं?” धाकट्या काकूंनी विचारलं.

“दोनदा केली, काकू. दोन्ही बोटी शून्य.”

थोरल्या काकूंनी सकाळीच मीटरमधून काढून घेतलेला एक सेल पर्समधून काढून तिच्या हातावर ठेवला. धाकट्या काकूंनी दुसरा.