पाच वर्षांनंतरची काळजी

कामोठ्याच्या दीक्षाची किडनी भर मे महिन्यात अचानक बंद पडली. तीन डायलिसिसनंतर ती सावरली, तेव्हा डॉक्टरांनी रक्त पुन्हा तपासून घेतलं. "आज ठीक आहात. पण रक्तातले हे मार्कर सांगतायत, की जपलं नाही तर चार-पाच वर्षांत किडनी कायमची जाईल. ड्युटीवर दिवसभर पाण्याचा थेंब का घेत नाही तुम्ही?"

दीक्षाने रिपोर्ट घडी घालून पर्समध्ये ठेवला. परक्या पुरुषाला काय सांगणार?

तिची बातमी एमआयडीसीतल्या तिच्या पॅकिंग कंपनीत पोचली आणि मॅनेजमेंटचं काळीज पाघळलं. ती कामावर परतली त्या सोमवारी एचआरच्या मॅडमनी केक कापून जाहीर केलं, "यापुढे सगळ्या लेडीज स्टाफची हीच टेस्ट इथेच होणार, तीही फ्री! कोणाची किडनी पाच वर्षांनी दगा देणार, ते आपल्याला आजच कळेल."

"दीक्षे, तुझ्या किडनीनं नाव काढलं बघ," शेजारी उभी असलेली, तिच्याच लाइनवरची भिमाबाई कुजबुजली.

मॅडमनी दीक्षाला हाताला धरून रिबन लावलेल्या दारापाशी नेलं. "कात्री तूच चालव. आणि गंमत बघ, टेस्टसाठी नवी खोली बांधायलाही लागली नाही. नळ, बेसिन, सगळं आयतंच होतं."

दीक्षाने रिबन कापली.



दुरुस्तीच्या नावाखाली आठ महिने कुलूपबंद असलेलं, कंपनीतलं बायकांचं एकमेव टॉयलेट अखेर उघडलं.