खरा आकडा

वजनमापे खात्यातून निवृत्त झालेल्या साहेबांनी उभ्या जन्मात तराजूचा काटा केसभरही खोटा सांगितला नव्हता. पाठीच्या कळांनी दहा वर्षं त्यांचा जीव नकोसा केला होता. शेवटी डॉक्टरांनी पोटाच्या कातडीखाली एक छोटा पंप बसवला. तो नळीवाटे मणक्यात थेंबथेंब औषध सोडू लागला, आणि साहेब चक्क वाकून स्वतःच्या बुटांच्या नाड्या बांधू लागले.

तीन महिन्यांनी पंप पुन्हा भरायची वेळ आली. त्यासाठी विमा कार्यालयाची मंजुरी लागत होती. खिडकीतल्या बाईंनी फॉर्म पुढ्यात ओढला.

"आजोबा, एक ते दहामध्ये दुखणं किती?"

"आठ सांगा हो, आठ!" बायकोने कोपराने ढोसलं.

"दोन," साहेब ताठ मानेने म्हणाले. "काटा दाखवतो तेच सांगणार."

"दोनच? मग औषध हवंय कशाला?" म्हणत बाईंनी 'नामंजूर'चा शिक्का हाणला.

पंधरा दिवसांत पंप कोरडा पडला. बायकोने व्हीलचेअर ढकलत साहेबांना पुन्हा त्याच खिडकीशी आणलं. घामाने निथळत, दात आवळत ते कसेबसे म्हणाले, "दहा."

बाईंना खरंच भरून आलं.



"अगंबाई, पंप बसवूनही दहा? म्हणजे त्याचा काडीचाही उपयोग नाही. थांबा आजोबा, तो काढून टाकायचं आत्ताच मंजूर करते!"